पाहायचं एका दुकानात, घ्यायचं दुसरीकडे: ब्रायटनच्या बॅगांचा खटला

दुकानात जायचं, वस्तू हातात घेऊन पाहायची, विक्रेत्याला चार प्रश्न विचारायचे, आणि मग घरी येऊन तीच वस्तू ऑनलाइन स्वस्तात मागवायची. यात दुकानदाराचं नुकसान होतं हे कोणालाही पटेल. पण ते नुकसान भरून कोणी द्यायचं, असं विचारलं की उत्तर अवघड होतं. ग्राहकाने द्यावं तर त्याने दुकानातून काही घेतलेलंच नाही. ऑनलाइन विक्रेता म्हणणार, माझा काय संबंध? उरला उत्पादक. त्याचा माल कुठून तरी खपला म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. पण एका उत्पादकाला ते तसं वाटत नव्हतं. त्याने दुकानदाराची बाजू घ्यायची म्हणून एका दुकानदाराचाच माल तोडला, आणि ते भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

खटल्याचं नाव लीजिन विरुद्ध पीएसकेएस. निकाल २८ जून २००७ चा. प्रकरणात इंटरनेटचा फारसा वास नाही. भांडण बायकांच्या पट्ट्या-बॅगांवरून झालं. तरीही पाहायचं एकीकडे आणि घ्यायचं दुसरीकडे या सवयीवर कायद्याने केलेला विचार यात जितका खोलात आहे, तितका क्वचितच सापडतो.

लीजिन ही कॅलिफोर्नियातली चामड्याच्या वस्तू बनवणारी कंपनी. १९९१ मध्ये तिने ब्रायटन या नावाने माल विकायला सुरुवात केली. आधी फक्त पट्टे, मग हळूहळू बॅगा, दागिने आणि बाकीच्या बायकी वस्तू. अमेरिकेत ५,००० हून जास्त दुकानांत ब्रायटन मिळायचं, आणि त्यातली बहुतेक दुकानं लहान, स्वतंत्र मालकीची होती. हे ठरवून केलेलं होतं. लहान दुकानात गिऱ्हाइकाकडे नीट लक्ष दिलं जातं, मोठ्या साखळी दुकानांत ते होत नाही, असं कंपनीच्या अध्यक्षांचं ठाम मत होतं. वॉलमार्टमध्ये मिळतो त्याहून वेगळा अनुभव आपल्या गिऱ्हाइकाला मिळावा, हे त्यांनी साक्षीतही सांगितलं.

१९९७ मध्ये कंपनीने दुकानदारांना पत्र पाठवून नवं धोरण जाहीर केलं. त्याचा मतितार्थ असा: मोठमोठ्या स्टोअर्सनी सतत सेल लावून लोकांना गोंधळात टाकलंय, आम्ही वेगळ्या वाटेने जाणार, चांगला माल बनवणं हे आमचं अर्धं काम, आणि देखणं दुकान मांडून तो माल ऐटीत विकणं हे उरलेलं अर्धं काम तुमचं. पुढची अट सरळ होती. आम्ही सुचवलेल्या किमतीच्या खाली जो विकेल, त्याला माल मिळणार नाही. अपवाद फक्त न खपणाऱ्या आणि दुकानदार पुन्हा मागवणार नसलेल्या वस्तूंचा. कारणं दोन दिली होती. सेवा द्यायला दुकानदाराच्या हातात पुरेसं मार्जिन राहावं, हे पहिलं. सवलतींमुळे ब्रँडची किंमत लोकांच्या नजरेत उतरू नये, हे दुसरं. ही दोन कारणं एका दमात सांगितली जातात, पण ती एक नव्हेत. त्याकडे पुढे येतो.

टेक्सासमधल्या डॅलस शहराजवळच्या लुइसव्हिल गावात केज क्लॉझेट नावाचं बायकांच्या कपड्यांचं आणि वस्तूंचं दुकान होतं. ते चालवणारी कंपनी म्हणजे पीएसकेएस. १९९५ पासून ते लीजिनचा माल घेत होतं. गावात ब्रायटन पाहिजे तर इथेच या, अशी त्यांची जाहिरात असायची. ‘ब्रायटन डे’ साजरे व्हायचे. एका टप्प्यावर दुकानाच्या नफ्यापैकी ४० ते ५० टक्के नफा एकट्या ब्रायटनमधून येत होता. ब्रायटन घ्यायला आलेली बाई जाता जाता दुसरंही काही घेऊन जाते, हे कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असतं.

डिसेंबर २००२ मध्ये लीजिनला कळलं की केज क्लॉझेट ब्रायटनच्या सगळ्या मालावर २० टक्के सूट देतंय. सूट बंद करा, असा निरोप गेला. दुकानाने नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की आसपासची दुकानंही सुचवलेल्या किमतीच्या खालीच विकत होती, आम्ही फक्त त्यांच्याशी बरोबरी केली. लीजिनने माल थांबवला. दुकानाच्या उलाढालीला जबर फटका बसला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

१९११ चा नियम

पीएसकेएसची बाजू तेव्हा भक्कम होती. मक्तेदारीला आळा घालणारा शर्मन कायदा १८९० चा. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये डॉ. माइल्स या औषध कंपनीच्या खटल्यात ठरवलं होतं की उत्पादकाने किरकोळ विक्रेत्याशी करार करून किमान विक्री किंमत बांधून घेणं मुळातच बेकायदा. मुळातच म्हणजे हेतू काय होता, ग्राहकाचं बरं झालं की वाईट, याची चौकशीसुद्धा करायची नाही. किंमत बांधली एवढं सिद्ध झालं की प्रकरण संपलं. उत्पादकाला पळवाट १९१९ च्या कोलगेट खटल्याने ठेवली होती: त्याने एकतर्फी धोरण जाहीर करावं आणि न जुमानणाऱ्याला माल नाकारावा, मात्र करार करू नये. लीजिनने हीच वाट धरल्याचा दावा केला. ज्युरीला तो पटला नाही. कारण १९९८ च्या सुमारास कंपनीने एक योजना काढली होती, तिचं नाव ‘हार्ट स्टोअर’. त्यात सामील होणाऱ्या दुकानदाराला काही फायदे मिळायचे आणि बदल्यात तो सुचवलेल्या किमतीला विकण्याची हमी द्यायचा. हमी दिली-घेतली की एकतर्फीपणा कुठे उरला?

ज्युरीने १२ लाख डॉलर भरपाई ठरवली. अशा खटल्यांत भरपाई तिप्पट होते. त्यात वकिलांचा खर्च मिळवून अंतिम आकडा ३९,७५,००० डॉलर आणि वर ८० सेंट असा झाला. (ते ८० सेंट निकालपत्रात इमानेइतबारे छापलेले आहेत.) या सुनावणीत लीजिनने एक अर्थतज्ज्ञ साक्षीदार आणला होता. किंमत बांधल्याने स्पर्धेला उलट मदत कशी होते, हे तो सांगणार होता. न्यायालयाने त्याची साक्ष घेतलीच नाही. गोष्ट मुळातच बेकायदा असेल तर तिचे फायदे ऐकायचे कशाला?

अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. लीजिनने अपिलातच करार केल्याचं नाकारणं सोडून दिलं होतं, मग ती सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणणं एवढंच ठेवलं: हो, करार होता, पण १९११ चा नियमच चुकीचा आहे.

शोरूमचा युक्तिवाद

न्यायालय ५ विरुद्ध ४ असं दुभंगलं. बहुमताचा निकाल न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिला आणि ९६ वर्षांचा नियम मोडीत निघाला. यापुढे प्रत्येक प्रकरणात तारतम्याने पाहायचं: बाजारावर प्रत्यक्ष परिणाम काय झाला, कोणाच्या हातात किती ताकद आहे, वगैरे.

केनेडींच्या युक्तिवादाच्या गाभ्याशी आपला सुरुवातीचा ग्राहकच उभा आहे. एक दुकानदार सुंदर शोरूम उभारतो, वस्तू चालवून दाखवतो, जाणकार माणसं नोकरीला ठेवून त्यांना शिकवतो. ग्राहक तिथे येतो, वस्तू समजून घेतो आणि यातलं काहीच न करणाऱ्या दुसऱ्या दुकानातून स्वस्तात घेतो. तो दुसरा म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. असं होत राहिलं तर पहिला दुकानदार हळूहळू सेवा कमी करतो. शेवटी ती कोणीच देत नाही आणि ग्राहकाला हवी असूनही मिळत नाही. किंमत सगळीकडे सारखी ठेवली की नागोबाची सोय संपते, कारण जिथे पाहिलं तिथेच घ्यायला ग्राहकाचं काहीच जात नाही. मग दुकानदारांची चढाओढ किमतीऐवजी सेवेत लागते.

हा विचार केनेडींचा नव्हे. अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्ये एका लेखात तो मांडला होता. त्यांच्यापुढचं कोडं असं: आपला माल महाग विकला जावा असं उत्पादकाला का वाटावं? दुकानदाराचं मार्जिन वाढलं तर उत्पादकाच्या खिशात जास्त काही येत नाही, उलट खप घटतो. तरी तो किंमत बांधत असेल, तर त्या मार्जिनमधून त्याला काहीतरी परत मिळत असणार. ते म्हणजे सेवा. त्या काळात हे सगळं डोळ्यासमोर घडत होतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या कॉर्व्हेटसारख्या सवलतीच्या दुकानांकडे लोकांची रीघ होती. मोठ्या दुकानात जाऊन यंत्र नीट पाहायचं, मॉडेलचा नंबर टिपून घ्यायचा आणि स्वस्त दुकानात तोच नंबर मागायचा, ही युक्ती तेव्हाच्या गिऱ्हाइकांना चांगली अवगत होती. मोबाइलने फक्त कागद-पेन्सिल वाचवली.

विरोधी मत न्या. स्टीव्हन ब्रायर यांनी लिहिलं, आणि वाचायला ते जास्त रंजक आहे. फुकटचा लाभ घेणारे असतात हे त्यांना मान्य. पण ते तर सगळीकडेच असतात. कॅलिफोर्नियाला आलेले पर्यटक किनाऱ्याच्या महामार्गावरून फुकट फिरतात. पहिल्या सुपरमार्केटची कल्पना ज्याने काढली, तिचा फायदा आपण सगळेच फुकट घेतो. प्रत्येक फुकटेपणा कायद्याने थांबवायचा नसतो. खरा प्रश्न असा की तो नेमका किती होतो आणि त्याने नेमकं काय बिघडतं. त्याची मोजणी कोणी केलीय का?

मोजलं गेलं होतं ते दुसरंच. अमेरिकेत मधली अनेक वर्षं किंमत बांधायला परवानगी होती. मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, कॅलिफोर्नियाने आधी तसा कायदा केला. साखळी दुकानांनी बेजार झालेले स्वतंत्र औषधविक्रेते त्यामागे होते. १९३७ आणि १९५२ मध्ये संसदेने राज्यांना तशी मुभा दिली आणि १९७५ मध्ये ती काढून घेतली. त्यामुळे किंमत बांधणारी राज्यं आणि न बांधणारी राज्यं यांची तुलना करता आली. न्याय खात्याने तेव्हा दिलेला आकडा ब्रायर उद्धृत करतात: बांधलेल्या किमती १९ ते २७ टक्के जास्त होत्या. त्या हिशेबाने, फक्त १० टक्के उत्पादकांनी हा मार्ग धरला तरी चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७५० ते १,००० डॉलर जास्त मोजावे लागतील.

मार्जिन मिळालं, सेवा मिळाली का?

मला स्वतःला केनेडींचा युक्तिवाद तर्काला धरून वाटतो आणि या खटल्याला गैरलागू वाटतो.

बॅगेचंच बघा. ब्रायटनची बॅग घ्यायला आलेल्या बाईला दुकानात काय समजावून सांगायचं असतं? ती बॅग उघडून कप्पे पाहील, खांद्याला लावून आरशात बघेल, रंग विचारेल. हे छान आहे, पण यात दुकानदाराचा जो खर्च होतो तो जागेचा आणि मांडणीचा, ज्ञानाचा नव्हे. शोरूमचा युक्तिवाद खरा लागू पडतो तो जिथे सल्ला महाग असतो तिथे. श्रवणयंत्र, दुर्बीण, बर्फावर घालायचे बूट. पायाचं माप घेऊन, टाच उचलते का, अंगठा दाबला जातो का हे तपासून योग्य जोड शोधायला कसलेल्या माणसालाही अर्धा तास सहज लागतो, आणि तो शोध संपला की हाती उरतो फक्त एक मॉडेलचा नंबर आणि एक साइज. एवढी माहिती पाठ करून कोणीही दाराबाहेर पडू शकतो. तिथे नागोबा खरोखर असतो.

आणि या खटल्याच्या कागदपत्रांतच एक तपशील आहे, जो मला सगळ्यात बोलका वाटतो. केज क्लॉझेट आधी हार्ट स्टोअर योजनेत होतं. मग लीजिनचा एक माणूस दुकान पाहायला गेला आणि त्याला ते दिसायला सुमार वाटलं. १९९८ नंतर दुकान त्या योजनेत राहिलं नाही. त्यानंतर काय झालं? दुकानाची ब्रायटनची विक्री वाढतच गेली. म्हणजे जे अर्धं काम दुकानदाराकडे सोपवलं होतं, त्यात कंपनीच्या दृष्टीने हे दुकान नापास होतं. तरी कंपनीने त्याला पुढे चार वर्षं माल दिला. माल थांबला तो सूट दिल्यावर. सेवा वाईट म्हणून नाही, किंमत कमी म्हणून.

यावर केनेडींकडे उत्तर आहे. दुकानदाराने नेमकी कोणती सेवा द्यायची हे करारात लिहून घेणं आणि ती तो देतोय का यावर पहारा ठेवणं अवघड आणि महाग असतं. त्यापेक्षा त्याला चांगलं मार्जिन द्यावं आणि हयगय केल्यास माल बंद होईल ही टांगती तलवार ठेवावी. तो आपल्या अनुभवाने हवी ती सेवा देईल. कागदावर हे ठीक आहे. पण तलवार पडली ती हयगयीवर नाही, हे वर आलंच. मार्जिन वाढलेला दुकानदार ते पैसे सेवेत घालेलच असं नाही. तो भाडं भरेल, कर्ज फेडेल, किंवा निवांत बसेल.

म्हणून लीजिनच्या पत्रातलं दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. सतत सूट लागलेल्या बॅगेचा रुबाब जातो, आणि एका दुकानाने २० टक्के कमी केले की इतर दुकानदारांचे फोन सुरू होतात. शिवाय ब्रायटन विकणाऱ्या काही दुकानांत लीजिनच्या अध्यक्षांचं स्वतःचंही अंग होतं. उत्पादकाने आपला ब्रँड जपावा, यात गैर काही नाही. फक्त त्याला ग्राहकसेवेचं नाव देऊ नये.

निकालानंतर

उत्पादकांनी लगेच सरसकट किमती बांधायला घेतल्या, असं काही झालं नाही. राज्यांचे स्वतःचे कायदे होतेच. मेरीलँडने तर २००९ मध्ये कायदा करून आपल्यापुरती जुनी बंदी पुन्हा आणली. बऱ्याच कंपन्यांनी जाहिरातीतली किमान किंमत बांधून घेण्याचा जुना, कमी जोखमीचा रस्ताच पसंत केला. त्यात विकायचं कितीलाही विका, पण अमुक किमतीच्या खालचा आकडा छापायचा किंवा दाखवायचा नाही, एवढीच अट असते. अमेरिकी ऑनलाइन दुकानांत एखाद्या वस्तूखाली किंमत न देता ‘किंमत पाहण्यासाठी कार्टमध्ये टाका’ असं लिहिलेलं दिसतं, ते यातूनच आलं.

दरम्यान ग्राहकाची सवय उघड्यावर आली. १० डिसेंबर २०११ ला अमेझॉनने एक योजना राबवली: दुकानात उभं राहून आमच्या ॲपवर तिथल्या वस्तूची किंमत तपासा आणि आमच्याकडून घ्या, ५ टक्के सूट, जास्तीत जास्त ५ डॉलर, तीन वस्तूंपर्यंत. सिनेटर ऑलिम्पिया स्नो यांनी यावर जाहीर टीका केली. स्वतंत्र दुकानदार तर पेटूनच उठले. पण यावर व्यापारी तोडगा काढला तो लहान दुकानदारांनी नाही, बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीने. मार्च २०१३ पासून तिने ऑनलाइन विक्रेत्यांची किंमत जुळवून द्यायला कायमची सुरुवात केली आणि त्याच वर्षी आपल्या १,४०० च्या आसपास दुकानांत सॅमसंगला स्वतंत्र दालनं मांडू दिली. पाहायला येणारा ग्राहक हीच आपली मालमत्ता आहे आणि तिचे पैसे ग्राहकाकडून निघत नसतील तर ज्याची वस्तू तो पाहतोय त्याच्याकडून निघतील, हे त्यांच्या ध्यानात आलं. टेल्सरना अभिप्रेत असलेला मोबदलाच हा, फक्त मार्जिनच्या आडून न येता थेट आलेला. किमती न बांधताही उत्पादक पाहण्याचे पैसे देऊ शकतो, हे यातून दिसलं. कोपऱ्यावरच्या एका दुकानाला मात्र असा सौदा कोण देणार? उत्पादकाला हजारो दुकानांतली गर्दी हवी असते, एका गल्लीतली नाही. अशा दुकानाकडे सल्ल्याची वेगळी फी लावणं आणि वस्तू घेतल्यास ती बिलातून वजा करणं, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग राहतो. पण शेजारचा फुकट सांगत असेल तर पहिली पाटी लावायला छाती लागते.

इकडे पीएसकेएसचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नव्या निकषावर तपासायला खाली पाठवलं होतं. आता लीजिनच्या धोरणाने स्पर्धेचं नुकसान झालं हे दुकानाला दाखवायचं होतं आणि त्यासाठी आधी बाजार कोणता हे सांगावं लागणार होतं. स्वतंत्र दुकानांना घाऊक विकल्या जाणाऱ्या बायकांच्या ब्रँडेड वस्तूंचा बाजार, असं काहीसं त्यांनी मांडलं. न्यायालयाला ती व्याख्या मान्य झाली नाही, दावा साक्षीपुराव्यापर्यंत पोचण्याआधीच फेटाळला गेला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केलं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात पुन्हा लक्ष घालायला नकार दिला. पहिल्या फेरीत अर्थतज्ज्ञाची साक्ष नाकारली गेली ती किंमत बांधणं मुळातच बेकायदा होतं म्हणून. दुसऱ्या फेरीत साक्षीची वेळच आली नाही. ब्रायटनची बॅग एका दुकानात न्याहाळून केज क्लॉझेटमधून स्वस्तात घेणारी एक तरी बाई होती का, हे कोणत्याही न्यायालयात कोणाला विचारलंच गेलं नाही.